दुसऱ्या पानावरचा उस्ताद

उस्तादचा मजकूर छापून आला की माझा शनिवार नासायचा.

आमचं साप्ताहिक चार पानांचं. पहिल्या पानावर बातम्या, तिसऱ्यावर कापसाचे भाव, चौथ्यावर सरकीच्या आणि शिवणयंत्रांच्या जाहिराती. लोक वाचायचे ते दुसरं पान. मी वर्ध्याच्या त्या छापखान्यात मुद्रितं तपासायचो, लेखही लिहायचो, आणि दुसरं पान आपलं आहे असं मी पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो. पंचावन्नच्या उन्हाळ्यात ते उस्तादने घेतलं.

माझा हक्क काय, तर मी पत्रकांवर वाढलेला माणूस. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बेचाळीस साली वडील आष्टीच्या बाजूला चळवळीची पत्रकं पोचवायचे. आई ती ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, पिठाखाली ठेवायची. मी अक्षरं शिकलो ती त्या पिठाळ कागदांवर. वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. कागद राहिले. 'बंधूंनो' असा शब्द न घालता वाक्य सुरू करायला मला पुढे कितीतरी वर्षं जड जात असे. अन्याय दिसला की लिहायचं, नाव घेऊन लिहायचं, ठळक टाइपात लिहायचं, एवढंच मला लिहिणं म्हणून ठाऊक होतं. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बायांवर मी लिहिलं. सरकारी बसमध्ये धोतरवाल्याला उठवून पाटलोणवाल्याला जागा देतात, त्यावर लिहिलं. सगळं खरं होतं. कोणी वाचत नव्हतं.

आणि उस्ताद काय लिहायचा? मोटारींच्या शर्यती.

नालवाडीच्या रस्त्याला त्याचं मोटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. साठीला आलेला असेल. वर्ध्याच्या उन्हात डोक्याला कातडी टोपी, गळ्यात लाल रुमाल, मिशा तेल लावून वळवलेल्या. चहा बशीत ओतून प्यायचा आणि पिताना डोळे मिटायचा. तरुणपणी तो समुद्रपूरकडच्या एका मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, पदरी ड्रायव्हर होता. त्या मालगुजाराला शर्यतींचा नाद. मोटर रेल्वेच्या वाघिणीत घालून मुंबईला न्यायची, ओहोटीच्या वेळी समुद्राच्या ओल्या रेतीवर दोन टोकांना पिंपं ठेवायची आणि त्यांना फेऱ्या मारायच्या, अशा शर्यती तेव्हा होत. उस्ताद त्यांच्याविषयी लिहायचा. मुंबईहून येणारा एक रेल्वेचा गार्ड त्याला शिळी इंग्रजी मासिकं आणून द्यायचा. त्यातली चित्रं पाहून आणि मजकूर कोणाकडून तरी वाचून घेऊन परदेशातल्या शर्यतींवरही लिहायचा. एकदा गावाकडच्या बैलांच्या शर्यतीवर, शंकरपटावर लिहिलं, तेही मोटरवाल्याच्या नजरेने. बैलाला क्लच नसतो, म्हणून हाकणाऱ्या धुरकऱ्याला माफी मागता येत नाही, असं काहीतरी त्यात होतं. शाळा चौथीपर्यंत. सुटे भाग ज्यात बांधून येतात त्या खाकी कागदावर, कानामागच्या सुतारी पेन्सिलीने लिहायचा. ऑइलच्या डागांतून त्याची अक्षरं शोधायचं काम माझं.

पहिल्याच लेखात एक वाक्य होतं. 'चौथ्या फेरीला पिंपाजवळ मी पुढच्या मोटरीच्या इतका लगत आलो की तिच्या ड्रायव्हरच्या मानेवरचं घामोळं मला दिसलं.'

मी पेन्सिल खाली ठेवली. खडी फोडणाऱ्या बायांवर मी तीन रकाने लिहिले होते. त्यात शोषण होतं, घाम होता, घामाचे पाट होते. घामोळं एकही नव्हतं.

तिथून हे सुरू झालं. याला मी आधी तात्त्विक मतभेद म्हणायचो. देशाला नांगर मिळत नाहीत आणि हा पेट्रोल जाळण्याची कौतुकं करतो, असं संपादकांना सांगायचो. संपादक नागपूरकडचे, मवाळ गृहस्थ. ते ऐकून घ्यायचे आणि माझा लेख चौथ्या पानावर सरकीच्या बाजूला लावायचे.

"अहो, पण श्रमिकांचा प्रश्न सरकीजवळ?" मी विचारलं.

"सरकी कोण घेतो? श्रमिकच ना?" ते म्हणाले. "वाचतील, वाचतील."

आईसुद्धा फितूर झाली. शनिवारी अंक हातात पडला की ती आधी दुसरं पान उघडायची, चुलीपुढे बसून ओठ हलवत वाचायची आणि मधेच एकटी हसायची. मी एकदा चिडून म्हटलं, "माझा लेख चौथ्या पानावर आहे."

"वाचीन ना मंग."

"मग म्हणजे कधी?"

"काऊन रे, त्याचा येवढा राग काऊन येते तुले?" तिने अंकातून डोकं वर काढलं. "सांगू का? तुहं वाचलं का मले वाटते कोनी रागावून राह्यलं. त्याचं वाचलं का वाटते कोनी भेटाले आलं."

हे मला आईने सांगितलं. ज्या बाईने पत्रकं पिठाखाली जपली तिने. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि ते तिच्या लक्षात आलं नाही, कारण ती पुढचा परिच्छेद वाचत होती.

पावसाळ्यानंतर उस्तादने एका मोठ्या शर्यतीची हकिगत लिहिली. रेतीवरच्या बारा फेऱ्या, तुटलेली काच, शेवटच्या पिंपाला दोन चाकांवर घेतलेलं वळण, आणि मग कप. 'मोटर मालगुजारसाहेबांची, फेऱ्या माझ्या,' असं लिहिलं होतं. त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर माणसं टेबलावर बशा फिरवून ते वळण एकमेकांना समजावत होती. मी माझ्या बशीतला चहा मुकाट्याने प्यालो.

त्यानंतर महिनाभरात मी समुद्रपूरच्या पुढच्या एका गावी गेलो. मालगुजारी जाऊन चार वर्षं झाली होती. कुळांना जमिनी मिळाल्या की नाही ते पाहायचं होतं. बसमधून उतरून दोन कोस चाललो, आणि कागदपत्रं मागायला ज्या बंगल्यात शिरलो तो उस्तादच्या मालगुजाराचा निघाला. साहेब वारले होते. म्हातारे दिवाणजी बैठकीत बसले होते. त्यांनी पाणी दिलं, कागद उद्या-परवा म्हणाले, आणि मी भिंतीकडे पाहतो आहे असं दिसताच उत्साहाने उठले.

"हा पाहा जी, कप. इलायती हाय. अन् हा फोटो त्याच दिवशीचा."

कपावर मालगुजाराचं नाव कोरलेलं होतं. फोटोत उघडी मोटर, स्टिअरिंगपाशी मालगुजार बसलेला, पांढरा कोट, मांडीवर कप, कपाळावर चढवलेला गॉगल. मोटरीच्या बाजूला हातात फडकं घेऊन एक तरुण उभा. तोंड काळंमिट्ट. मिशा मात्र ओळखू येत होत्या.

"हा कोण?" मी विचारलं.

"तो? क्लीनर होता जी. मोटर पुसे."

त्या क्षणी मला जो आनंद झाला तसा कुठल्याही कुळाला पट्टा मिळाल्यावर झाला नसता. कागद न घेताच मी परत निघालो. कुळांचा प्रश्न मागे राहिला, हे मला बसमध्येही आठवलं नाही.

दोन दिवसांत पत्रक तयार झालं. मथळा होता 'शर्यतवीर की शर्यतचोर?' आणि खाली उस्तादचं नाव, गॅरेजच्या पत्त्यासकट, सगळ्यात ठळक टाइपात. 'बंधूंनो, ज्या हातांनी फडकं धरलं ते आज कप मागत आहेत. धुळीने काळवंडलेल्या तोंडाचा हा क्लीनर धन्याच्या पराक्रमाची चोरी करून भोळ्या वाचकांना फसवतो आहे. अशा भांडवलशाहीच्या भाटाला दुसरं पान कशासाठी?' वगैरे. खिळे मीच जुळवले, मशीनचं पायडलही मीच मारलं. संपादकांनी एक प्रत उचलून वाचली. त्यांचा चेहरा उतरला.

"फोटो तू स्वतः पाहिलास?"

"डोळ्यांनी."

"कपावर नाव?"

"कोरलेलं."

त्यांनी प्रत पुन्हा गठ्ठ्यावर ठेवली. मग त्यांनी टेबलावरचा उस्तादचा नवा खाकी कागद घडी घालून परत पाठवला आणि मला म्हणाले, "या शनिवारी दुसऱ्या पानाला तुझ्याकडे काही आहे?"

होतं. माझ्याकडे नेहमीच असायचं.

आता पत्रकं वाटायची राहिली होती. पण वडिलांचा एक नियम होता. ज्याच्याविरुद्ध पत्रक काढलं, पहिली प्रत त्याच्याच हातात द्यायची, स्वतः जाऊन, दिवसाउजेडी. बेचाळीसात त्यांनी एका ठाणेदारालासुद्धा अशी प्रत दिली होती आणि त्यापायी मार खाल्ला होता. पाठीमागून लिहिणारा तो चुगलखोर, असं ते म्हणायचे. हा नियम मोडायची माझी हिंमत नव्हती. गठ्ठा छापखान्यात ठेवून एक प्रत घेऊन मी भर दुपारी गॅरेजला गेलो.

उस्ताद एका ट्रकच्या खाली होता. बाहेर नुसते पाय.

"उस्ताद," मी हाक मारली. आवाज कडक ठेवला होता.

"कोन व्हय?"

"मी, छापखान्यातला."

"लेखक का? बस ना बाप्पा. तो पान्हा दे पहिले."

मी पान्हा दिला. काय करणार? मग म्हटलं, "मी तुमच्याविरुद्ध पत्रक काढलं आहे. पहिली प्रत द्यायला आलो."

पाय हलायचे थांबले. ट्रकखालून काळा हात बाहेर आला. "दे इकडंच."

तो ट्रकखालीच, पाठीवर पडून, चाकांमधून येणाऱ्या उजेडात वाचू लागला. मी उन्हात उभा. त्याचं वाचणं ऐकू येत होतं, शब्द न् शब्द जोडत, आईसारखं. 'शर्यतचोर'पाशी थोडा थांबला. मग आवाज आला.

"भांडवलशाहीचा भाट म्हंजे मी का?"

"हो."

"अन् भाट म्हंजे गानं म्हननारा ना? मले गाता येत नाई लेका."

तो पुढे वाचत गेला, संपवलं, आणि हळूहळू सरकत बाहेर येऊन बसला. मला वाटलं होतं ओरडेल, नाहीतर गयावया करेल. दोन्हींसाठी मी उत्तरं तयार ठेवली होती.

"फोटो पाह्यला तू?"

"पाहिला."

"क्लीनरचं तोंड काळं होतं, लिहलं तू. सारंच काळं होतं का?"

"म्हणजे?"

"डोये मिट. अन् आठव. सारं तोंड काळं होतं?"

मी डोळे मिटले नाहीत. गरज नव्हती. फोटो जसाच्या तसा माझ्यापुढे होता. त्या काळ्या तोंडात, डोळ्यांभोवती, पैशाएवढ्या गोल दोन पांढऱ्या जागा होत्या. फोटो जुना आहे, तिथे काच खराब झाली असेल, असं मी पाहतानाच ठरवून टाकलं होतं.

"अन् साहेबाचा कोट कसा होता?"

"पांढरा."

"वल्ल्या रेतीवर उघडी मोटर बारा चक्कर हाकली, अन् कोट पांढरा राह्यते काय बे?" तो फडक्याने बोटं पुसू लागला. "साहेबाले हाताच्या अंतरावरचा बैल दिसे नाई. चष्मा होता येवढा जाड. पन नाव त्याह्यचं लावलं होतं. मंग मी त्याह्यचा कोट घालून, त्याह्यचा गॉगल लावून हाकली. उतरलो, कोट काढला, दुसरा कोट त्याह्यले घातला, गॉगल पुसून त्याह्यच्या कपायावर चढवला. फोटोवाला आला. कोनं तरी माह्या हातात फडकं देलं."

"मग हे कोट बदलल्याचं तुम्ही लिहीत का नाही?"

"साहेबाच्या बाईसाहेब जित्या हायेत ना अजून. कपाले कुंकू लावते दसऱ्याले." मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "वाटले का बाकीचे?"

"नाही. पहिली प्रत तुमची."

"हे बरं केलं. माहा कागद वापस काऊन आला ते समजलं आता." त्याने विचारलं, "दोन नंबरचं पान तुले भेटलं का?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं.

"मंग लिहजो चांगलं," असं म्हणून तो पुन्हा ट्रकखाली गेला.

गॅरेजपासून छापखाना चालत वीस मिनिटांवर. तेवढ्या वाटेत मला कळलं मी काय केलं होतं. मालगुजाराची बैठक, मालगुजाराचा दिवाणजी, मालगुजाराने काढवलेला फोटो. यातल्या एकाही गोष्टीवर मी एरवी विश्वास ठेवला नसता. शेतसाऱ्याची पावतीसुद्धा मी उलटून पाहिली असती. पण एका कामगाराला खोटं पाडायचं होतं तेव्हा मी बंगल्याची साक्ष देवाच्या शब्दासारखी घेतली. ज्या वर्गाविरुद्धच्या पत्रकांवर मी मोठा झालो त्याच वर्गाच्या भिंतीवर टांगलेलं मी छापून आणलं होतं, ठळक टाइपात. आणि कशासाठी? तत्त्वासाठी नव्हे. घामोळ्यासाठी.

इथे मी धावत संपादकांकडे गेलो असं लिहिता आलं असतं. मी गेलो नाही. गठ्ठा कपाटाच्या मागे सरकवला आणि गप्प राहिलो. शनिवारी दुसऱ्या पानावर माझा लेख आला, वरपासून खालपर्यंत, माझं नाव चौकटीत. मी अंक घेऊन टपरीवर बसलो. एकाने पान उघडलं, वर पाहिलं, खाली पाहिलं, उलटलं, पुन्हा उघडलं.

"उस्ताद बीमार हाय का जी?" त्याने टपरीवाल्याला विचारलं.

घरी आईने तेच विचारलं. सोमवारपर्यंत छापखान्यात पाच-सहा माणसं येऊन तेच विचारून गेली. माझ्या लेखाविषयी कोणी बरं बोललं नाही, वाईटही बोललं नाही. जो माणूस छापून आला नव्हता त्याचाही मला हेवा वाटला. असा हेवा असतो हे मला त्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. तरीही मी पुढच्या शनिवारसाठी लेख लिहायला घेतला होता, हे सांगितलं पाहिजे. आठ ओळी झाल्या. नवव्या ओळीत कोणाला तरी शोषक म्हणायचं होतं, आणि माझा हात चालेना.

शुक्रवारी मी संपादकांना सगळं सांगितलं. डोळ्यांभोवतीच्या पांढऱ्या जागांसकट.

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "मालगुजाराच्या फोटोवरून कामगार खोटा? आणि हे तू ठरवलंस? तू?" आणि मग स्वतःशीच, "आणि मी मान डोलावली." छत्री घेऊन ते स्वतः नालवाडीला गेले. मी गेलो नाही. मला बोलावलंही नव्हतं. पत्रकं एकाच बाजूने छापलेली होती, ती महिनाभर मुद्रितं काढायला वापरली गेली.

चार दिवसांनी खाकी कागद आला. शर्यतीचा नव्हता.

'माझ्याकडे एक तरणा लेखक आला होता,' असा तो सुरू होत होता. 'तो मला उघडं पाडायला आला होता. मी ट्रकखाली असल्याने ते त्याला जड गेलं.' पुढे पान्ह्याची गोष्ट, उन्हात उभं राहिल्याची गोष्ट, गाता येत नाही ही गोष्ट. मालगुजाराचा उल्लेख नाही, कपाचा नाही, फोटोचा नाही. मी काय उघडं पाडायला आलो होतो तेच नाही. फक्त एक मुलगा, ज्याला भांडायचं होतं आणि ज्याने आधी पान्हा दिला. माझं नाव कुठेच नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, 'पोरगा चांगला आहे. पहिली प्रत आणून देतो. रागावतो भरपूर, पाहतो कमी.'

संपादकांनी त्याचं मुद्रित माझ्यापुढे ठेवलं. "शेवटचं वाक्य काढायचं तर काढ. उस्तादला मी सांगेन. तुझ्यावर सोडतो."

मी पेन्सिल घेऊन बसलो. काढायचं नव्हतं, सुधारायचं होतं. हे आज कबूल करतो. 'क्रोध हा त्याचा स्थायीभाव असला तरी निरीक्षणाची...' असं काहीतरी लिहून पाहिलं. मग दुसरं. तिसरं. प्रत्येक वेळी ओळ लांब झाली आणि मी जास्त चांगला दिसू लागलो. अर्धा तास गेला. बाहेर मशीनवाला तयार होऊन हाका मारत होता. शेवटी सगळं खोडून मी त्याचं वाक्य जसं होतं तसं ठेवलं आणि पान सोडलं.

शनिवारी आई चुलीपुढे वाचत होती. तीन वेळा हसली. चौथ्यांदा मला विचारलं, "कोन व्हय रे हे पोट्टं?"

"मी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अंकात पाहिलं, आणि तोच परिच्छेद पहिल्यापासून वाचायला घेतला. मी तिथेच बसून होतो. त्या अंकात चौथ्या पानावर माझाही एक लेख होता. तो तिने वाचला की नाही, मी विचारलं नाही.

लोकांना मी सांगतो की ते वाक्य न्याय म्हणून राहू दिलं. तसं नव्हतं. पानावरचं ते सगळ्यात चांगलं वाक्य होतं, माझ्याविषयी होतं आणि माझं नव्हतं. याला चार वर्षं झाली. अजूनही कधी कधी लिहिता लिहिता मी त्याहून छोटं, त्याहून खरं असं काही स्वतःविषयी जुळवून पाहतो. जमत नाही, आणि उस्तादचा राग येतो.